हळदीच्या गाण्याचं थंबनेल करण्याआधी : कव्हरं आणि व्हिडिओ तपासतानाच्या नोंदी

ठाण्यात कोपरीला माझं डीटीपीचं छोटं काम आहे. लग्नपत्रिका, बॅनर, आणि गेली पाच-सहा वर्षं आगरी-कोळी गाण्यांची यूट्यूब थंबनेलं (यादीत व्हिडिओसाठी दिसणारी छोटी चित्रं). बेलापूरच्या दिवाळे गावातल्या माझ्या मावसभावाचं हळदीचं गाणं मार्चमध्ये येणार होतं आणि त्याचं सगळं चित्रकाम माझ्याकडे होतं. दर वेळी अंदाजाने करते, या वेळी तसं करायचं नाही असं ठरवलं. आधी जुन्या रेकॉर्डची आणि कॅसेटची कव्हरं, आताची थंबनेलं आणि व्हिडिओ ओळीने बघायचे, त्यातला कुठला भाग विक्री करतो आणि नेमकं काय विकतो ते समजून घ्यायचं, मग माउसला हात लावायचा. असं काम आणखी कुणाला करायचं असेल तर माझा जो वेळ फुकट गेला तो त्यांचा जाऊ नये, म्हणून तारखेनुसार लिहून ठेवलं आहे.

४ जानेवारी २०२५, शनिवार

सामान गोळा केलं. कळव्याच्या मामाचं स्टेशनजवळ कॅसेटचं दुकान होतं. २००७ साली ते बंद झालं. फुटलेल्या, टेप अडकलेल्या कॅसेटी त्याने टाकून दिल्या, पण त्यांच्या डब्यांतले छापील कागद, म्हणजे इनले, पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले. मी दोन तास बसून त्यातले मराठी ६० निवडले : कोळीगीतं, भीमगीतं, लोकगीतं, भजनं, थोडी भावगीतं. नौपाड्यातल्या एका काकांनी ३८ एलपी (मोठ्या रेकॉर्ड) आणि ईपी (छोट्या) महिनाभरासाठी दिल्या. अट एकच, रेकॉर्ड त्यांच्याकडेच राहणार, मला फक्त रिकामी कव्हरं. शिवाय यूट्यूबवरची ५० थंबनेलं आणि २० पूर्ण व्हिडिओ बघायचे.

अंदाज : चार रविवार, तीन हजार रुपये. दोन्ही चुकले. हिशेब शेवटी आहे.

५ जानेवारी, रविवार

पूर्ण दिवस स्कॅनिंगमध्ये गेला आणि त्यातलं जवळजवळ सगळं वाया गेलं.

एलपी बारा इंची, तिचं कव्हर साधारण ३१ सेंटिमीटर. माझा स्कॅनर ए-फोर, म्हणून ओळखीच्या प्रेसमध्ये ए-थ्री स्कॅनरवर गेले. ए-थ्रीची रुंदी २९.७ सेंटिमीटर. सव्वा-दीड सेंटिमीटर कडेला राहतो. म्हटलं, कडेलाच तर जातंय, जाऊ दे. संध्याकाळी घरी येऊन फाइली उघडल्या तेव्हा कळलं, बऱ्याच कव्हरांवर कंपनीचं चिन्ह अगदी कोपऱ्यात असतं आणि माझ्या स्कॅनमध्ये नेमकं तेच अर्धं कापलं गेलं होतं. जाहिरात म्हणून कव्हर तपासायला निघाले आणि जाहिरात करणाऱ्याचंच नाव कापून आणलं. शिवाय लॅमिनेट केलेल्या कव्हरांवर पांढरे पट्टे आले ते वेगळेच.

३८ स्कॅन, प्रत्येकी २० रुपये. ७६० रुपये गेले.

७ जानेवारी

पुन्हा केलं, या वेळी फोटो काढून. गॅलरीत सकाळी आठच्या सुमारास ऊन थेट येत नाही, तेव्हा काळी चादर अंथरली, कव्हर त्यावर सपाट, चारी कोपऱ्यांवर नाणी ठेवायची नाहीत (पहिल्या दोन फोटोंत ठेवली, सावली पडली). मोबाईल स्टुलाच्या दोन फळ्यांमधल्या फटीतून खाली बघणारा. ट्यूबलाइट बंद. चकाकी गेली. प्रत्येक फोटोत कव्हराशेजारी मोजपट्टी ठेवली, म्हणजे पुढे मूळ आकार कळतो. हे मी केवळ सवयीने केलं होतं, पण पुढचं सगळं काम त्या मोजपट्टीवरच उभं राहिलं.

११ ते १९ जानेवारी

हे नऊ दिवस माझे वाया गेले.

एक्सेलमध्ये ३४ रकाने आखले. मुख्य रंग, दुय्यम रंग, अक्षराचं वळण, गायकाची नजर कुठे, हात कुठे, पार्श्वभूमी, दागिने, वाद्य दिसतं का, किती टक्के जागा चेहऱ्याला. प्रत्येक कव्हर २४ इंची मॉनिटरवर मोठं करून भरत गेले. संक्रांतीच्या दिवशी सुट्टी घेतली, बाकी रोज रात्री दोन-अडीच तास. १९ तारखेला ९८ ओळी भरून झाल्या आणि त्यावरून मला एवढंच सांगता येत होतं की कोळीगीतांच्या कॅसेटवर निळा रंग जास्त आणि भीमगीतांच्या कॅसेटवरही निळा रंग जास्त. एक समुद्राचा निळा, दुसरा झेंड्याचा निळा. दोन्हींचा अर्थ पूर्ण वेगळा आणि रकान्यात दोन्ही एकच. तक्ता भरत होता, पण मी एकाही कव्हरापुढे गिऱ्हाईक म्हणून उभी राहिले नव्हते.

तक्ता ठेवून दिला. पुसला नाही, पण पुढे एकदाही उघडावा लागला नाही.

२५ जानेवारी, शनिवार

मामाला घरी बोलावलं. मॉनिटरवर त्याच्याच ट्रंकेतला एक इनले दाखवत होते, कोळीगीतांचा, मध्ये होडी, वर गायकाचा फोटो, खाली नाचणाऱ्या चार बायका. मी त्याला रचना समजावत होते. त्याने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाला, "हे एवढं मोठं कुणी बघितलंय गं कधी?"

मग त्याने दुकान सांगितलं. काउंटरमागे भिंतभर लाकडी खण. कॅसेट त्यात उभी खोचलेली, समोर फक्त तिची पट्टी. गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे, भिंत चार-पाच हात लांब. त्याला दिसायची ती सव्वा सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब पट्टी, तीही शेकडो पट्ट्यांमधली एक. समोरचं चित्र दिसायचं ते काउंटरच्या काचेखाली मांडलेल्या दहा-बारा कॅसेटींचंच. "त्या काचेसाठी एजंट लोक चहा पाजायचे," मामा म्हणाला. "आमची नवीन कॅसेट काचेखाली ठेवा, दोन आठवडे ठेवा. चित्र ठीक आहे का ते कुणी नाही विचारायचं. जागा कुठे, ते विचारायचे."

मी इनले उलटापालटा करून पट्ट्या बघायला लागले. महिनाभरात एकदाही बघितल्या नव्हत्या. आणि पट्टीवरच सगळी मेहनत होती. एका इनलेचा समोरचा भाग घाईत जोडलेला, फोटोच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या, पण पट्टी बघण्यासारखी : पिवळ्याधमक जमिनीवर लाल जाड अक्षरं, आधी गायकाचं आडनाव, मग नाव, आणि अक्षरं खालून वर लावलेली. मामाला विचारलं, खालून वर का? तो म्हणाला, खण डोक्याच्या वर असले की मान उजवीकडे वाकवायला त्रास, डावीकडे वाकते. हे खरं की त्याचा समज, ते मला तपासता आलं नाही, पण माझ्या ६० पट्ट्यांत दोन्ही दिशा सापडल्या. एकाच कंपनीच्या मात्र सगळ्या एका दिशेच्या. म्हणजे कंपनीत कुणीतरी बसून ठरवलं होतं.

आणखी एक. तीन-चार इनलेंवर समोरच्या बाजूला मामाने रबरी शिक्का मारलेला : दुकानाचं नाव, आणि खाली 'बदलून मिळणार नाही'. शिक्का कुठे मारायचा याचा त्याचा नियम होता, गायकाच्या चेहऱ्यावर कधीच नाही. मी विचारलं तर म्हणाला, "तोंड बघूनच तर घेतात." पट्टीवर नाव वाचून कॅसेट मागायची, हातात आल्यावर चेहरा बघून खात्री करायची, मग पैसे काढायचे. विक्रीचे दोन टप्पे होते आणि इनलेच्या दोन बाजूंनी ते वाटून घेतले होते. मॉनिटरवर हे मला कधीच दिसलं नसतं.

इथून कामाची पद्धत बदलली. ज्या आकारात, जितक्या अंतरावर आणि ज्या जागी गिऱ्हाईकाने ती वस्तू बघितली, तशीच ठेवून बघायची. रकाने सहा उरले : कुठे दिसत होतं, किती मोठं, किती वेळ, आधी काय वाचलं जातं, काय विकलं जातंय, विकणारा कोण.

२६ जानेवारी, रविवार

सुताराकडून प्लायचे तुकडे आणून कळव्याला मामाकडे खण केला, ४५० रुपये. ६० इनले रिकाम्या डब्यांत घालून पट्टी पुढे करून लावले. रिकामे डबे भंगारवाल्याकडून, शंभरला चाळीस, बाकीचे घरातले.

चार हातांवरून मला ११ नावं वाचता आली. त्यात सगळ्यात आधी वाचलं गेलं ते मोठं अक्षर नव्हे, तर उजेड-अंधाराचा फरक जास्त असलेलं. लाल जमिनीवर हिरवी अक्षरं कितीही मोठी असली तरी लांबून वाचता येत नाहीत. बॅनरच्या कामात मी हीच चूक गिऱ्हाईकाच्या आग्रहाखातर अनेकदा केली आहे.

पट्टीवर काय विकलं जातं? भजनांवर देवाचं नाव आधी. लोकगीतांवर गायकाचं. कोळीगीतांवर बऱ्याचदा गावाचं. 'वेसावकर आणि मंडळी' हे नावच बघा; वेसावे गावचे आम्ही, हे गाणं ऐकण्याआधीच सांगून झालं. गायक कोण ते नंतर. ठाण्यातल्या चेंदणी कोळीवाड्यात किंवा दिवाळ्यात ती कॅसेट घेणारा माणूस गाण्याआधी आपल्यासारख्याच एका गावाला ओळखायचा. मावसभावाच्या कामाचा धागा मला इथे मिळाला, पण तेव्हा कळला नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

एलपींकडे वळले. आधी थोडं वाचलं, कारण मला एक साधा प्रश्न पडला होता : या चपट्या खोक्याला अल्बम का म्हणतात? मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. मोठी रचना विकायची तर चार-पाच रेकॉर्ड लागायच्या, त्या फोटोंच्या अल्बमसारख्या पानापानांच्या जाड पुठ्ठ्यात घालून द्यायचे. पुठ्ठा तपकिरी किंवा राखाडी, वर फक्त नाव. अमेरिकेत कोलंबिया कंपनीत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने त्या पुठ्ठ्यावर चित्र काढू द्या म्हणून आग्रह धरला आणि १९४० पासून चित्राची कव्हरं निघू लागली. त्याआधी बहुतेक रेकॉर्डना चेहरा नव्हता.

मग चेहरा नसताना लोक गाणं ओळखायचे कसं? आपल्याकडचं उदाहरण आहे. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने गायिका गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तिच्या रेकॉर्डच्या शेवटी ती स्वतः सांगते, "माय नेम इज गौहर जान." साचा छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायचा, तिथल्या माणसाला आवाज कुणाचा ते कळावं म्हणून. पण ऐकणाऱ्यासाठी तेच कव्हर होतं. आजच्या आगरी गाण्यांत कडव्यांच्या मध्ये गायकाचं, संगीतकाराचं, कधी नवरदेवाच्या बापाचं नाव घेतात, ते ऐकताना मला हे सारखं आठवत राहिलं.

काकांच्या कव्हरांवर एचएमव्हीचा, म्हणजे ग्रामोफोन कंपनीच्या छापाचा, कुत्रा आहे. ते चित्र फ्रान्सिस बॅरो या चित्रकाराचं. त्याने आधी कुत्र्यापुढे नळकांड्यांचं फोनोग्राफ यंत्र रंगवलं होतं. ग्रामोफोन कंपनीने ते १८९९ साली घेतलं ते जुन्या यंत्रावर रंग चढवून त्याजागी आपला ग्रामोफोन काढून घेतल्यावरच. म्हणजे जगभर ओळखीचं असलेलं हे संगीताचं चिन्ह गिऱ्हाईकाच्या मागणीवरून दुरुस्त केलेलं चित्र आहे. रोज 'ताई, फोटोतला टॉवर काढा' ऐकणाऱ्या माणसाला हे माहीत असायला हवं.

कव्हरं आता मूळ आकारात, म्हणजे काकांचीच खरी, फळांच्या खोक्यात उभी लावली आणि दुकानात चाळतात तशी चाळली. वरचा चार बोटांचा भागच दिसतो. बहुतेक कव्हरांवर नाव त्याच भागात. ज्यांचं नाव खाली होतं ती चाळताना मागे पडली, त्यातली दोन कव्हरं मला चित्र म्हणून सर्वांत आवडलेली. मागच्या बाजूला मात्र भरपूर मजकूर, गायकाची ओळख, गाण्यांची यादी, ईसीएलपी किंवा ईसीएसडीने सुरू होणारा क्रमांक. कॅसेटपेक्षा इथे वेळ जास्त दिला जायचा, हातात घेऊन वाचलं जायचं. एवढी मोठी, एवढा वेळ बघितली जाणारी जागा त्यानंतर गाण्याला पुन्हा मिळाली नाही. कॅसेटचं तोंड दहा सेंटिमीटर बाय साडेसहा, सीडीचं बारा सेंटिमीटर चौरस, आणि आता मोबाईलवर पुढच्या व्हिडिओंच्या यादीत अंगठ्याच्या दोन पेरांएवढं.

८ फेब्रुवारी

५० थंबनेलं गोळा करून झाली होती, ती सगळी रद्द केली. माझ्याच खात्यावरून घेतली होती. मी दिवसभर आगरी-कोळी गाण्यांचं काम करते, त्यामुळे यूट्यूब मला तेच, आणि बऱ्याचदा मीच केलेलं दाखवत होतं. ५० पैकी सात माझी स्वतःची निघाली.

पुन्हा गोळा केली, अर्धी खात्याबाहेर येऊन, अर्धी तीन नातेवाइकांच्या मोबाईलवर त्यांच्यासमोर बसून. दोन संध्याकाळी गेल्या. प्रत्येकाचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट, यादीत जसं दिसतं तसं, चित्र उघडून नाही.

१२ फेब्रुवारी

बरं झालं तारीख टाकली. चार दिवसांत तीन थंबनेलं बदललेली. चॅनेलवाला हवं तेव्हा चित्र बदलू शकतो. एकात गायक काढून नवरी टाकली होती. कॅसेट एकदा छापली की संपलं. इथे कव्हर हलत राहतं. दुवा साठवून उपयोग नाही, चित्रच साठवा.

१५ आणि १६ फेब्रुवारी

व्हिडिओ. पहिल्या दिवशी घड्याळ लावून प्रसंग किती वेळा बदलतो ते मोजत होते. एकच व्हिडिओ तीनदा मोजला, तीन वेगळे आकडे. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका एडिटरने सांगितलं : यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून कीबोर्डवरची पूर्णविरामाची कळ दाबली की एक-एक चौकट पुढे जाते, स्वल्पविरामाने मागे. मग आकडे जुळले. सगळं गाणं मोजू नका, पहिली तीस सेकंद पुरतात. २० व्हिडिओंना पाच तास लागले.

त्यापेक्षा उपयोगाचं म्हणजे आवाज बंद करून बघणं. ठाण्याहून पनवेल गाडीत बसले आणि आजूबाजूला बघत राहिले. कानात काही न घालता, आवाज बंद ठेवून अंगठ्याने व्हिडिओ सरकवणारे कितीतरी लोक. ऐरोली ते तुर्भे मी माझ्या यादीतले व्हिडिओ तसेच बघितले. आवाज नसताना बऱ्याच व्हिडिओंमध्ये पहिले दहा सेकंद काहीच कळत नाही : कंपनीचं फिरतं चिन्ह, ड्रोनमधून खाडी, मग निर्मात्याचं नाव, मग सहनिर्मात्याचं. गायक येतो तोवर माझं स्टेशन जवळ आलेलं असतं.

मुळात हे व्हिडिओ कशासाठी सुरू झाले ते लक्षात ठेवलं तर बरीच गाठ सुटते. १९६६ साली बीटल्स या बँडने 'पेपरबॅक रायटर' आणि 'रेन' या गाण्यांच्या छोट्या फिल्म करून टीव्ही केंद्रांना पाठवल्या, कारण प्रत्येक केंद्रावर स्वतः जाणं शक्य नव्हतं. क्वीन या बँडने १९७५ साली असंच केलं, आणि त्यांचं चित्रीकरण काही तासांत उरकलं होतं. १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही हे गाण्यांचं चॅनेल सुरू झालं तेव्हा दिवसभर दाखवायला हे आयतं मिळालं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात चॅनेल व्ही आणि एमटीव्ही आल्यावर इंडिपॉपचे (चित्रपटाबाहेरच्या पॉप गाण्यांचे) व्हिडिओ घराघरांत गेले. अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' १९९५ चं, ते गाणं लोकांना आजही त्यातल्या मिलिंद सोमणसकट आठवतं. गायक जिथे जाऊ शकत नाही तिथे त्याच्या वतीने जाणारा माणूस, हे व्हिडिओचं काम. मग मावसभावाचा व्हिडिओ त्याच्या वतीने नेमका कुणाच्या दारात जाणार आहे? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे १६ तारखेला नव्हतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

घणसोलीला नात्यातल्या हळदीला गेले. मांडवात थंबनेलं दाखवून लोकांना विचारायचं ठरवलं होतं. ए-फोर कागदावर मोबाईलच्या आकारात छापून नेली.

आधी चूक केली. "हे कसं वाटलं?" असं विचारत होते. पहिल्या नऊ जणांनी "छान आहे" म्हटलं, सगळ्यांबद्दल. नात्यातल्या मुलीने केलेलं वाईट कोण म्हणेल? मग प्रश्न बदलला. दोन सेकंद दाखवायचं, झाकायचं, आणि विचारायचं : "काय होतं?" आता उत्तरं आली. "हळद लावतायत." "कुठलं तरी बंदर." "तो आपला कोपरखैरण्याचा पोरगा ना?" "काय माहीत, लई अक्षरं होती." गाण्याचं नाव १७ जणांपैकी दोघांनीच सांगितलं. मी थंबनेलवर सर्वांत जास्त वेळ घालवते तो गाण्याच्या नावाच्या अक्षरांवर.

रात्री दहाला गायकांचा ताफा आला. स्टेज, कीबोर्ड, ढोलकी, दोन गायक, एक गायिका. गाणं सुरू होण्याआधी नवरदेवाचे काका माझ्या शेजारी बसून सांगत होते, यांची सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं बुकिंग, कशी दिली. "व्हिडिओ बघितला, खाली नंबर होता, फोन केला." गाणं फुकट, यूट्यूबवर कुणीही ऐकतं. पोट भरतं ते सुपारीवर, आणि हळदीच्या दिवसांत एकेका रात्री दोन-दोन सुपाऱ्या असतात. व्हिडिओ गाणं विकतच नाही. तो पुढची हळद विकतो. ज्याने उद्या घरी मांडव घालायचा आहे त्या माणसाला तो दाखवतो की आम्ही आलो तर तुमचा मांडव असा दिसेल, तुमच्या बायका अशा नाचतील.

थंबनेलवरची ती एवढी माणसं, ती हळदीने माखलेली करवली, ते सगळं मला आजवर गर्दी वाटायचं आणि मी ते गिऱ्हाईकाशी भांडून कमी करायला लावायचे. मी चुकत होते. गर्दी हाच माल आहे.

ताफा येण्याआधी आतल्या खोलीत धवलारीण (धवला ही लग्नविधीची गाणी म्हणणारी बाई) बसली होती, सत्तरीची, माइकशिवाय धवला म्हणत होती. तिच्यासोबत पाचसहा बायका. तिचं ना कव्हर, ना थंबनेल, ना नंबर; तिला बोलवायला घरातली बाई पायी गेली होती. मी मोबाईल पिशवीतच ठेवला आणि ती थांबेपर्यंत ऐकत बसले.

२ मार्च, रविवार

दिवाळ्याला जाऊन फोटो काढले. बंदरावर, संध्याकाळी पाच ते साडेसहा.

घरी थंबनेल करायला घेतलं. १२८० बाय ७२०, तेव्हाच्या मर्यादेप्रमाणे दोन एमबीच्या आत. तीन प्रयत्न फसले :

पहिल्यात मावसभावाचा मोठा चेहरा, मागे धूसर बंदर. सुंदर दिसत होतं, पण मॉनिटरवर. दोन पेरांच्या आकारात तो कुठलाही पोरगा होता. त्याला अजून नाव नाही. चेहऱ्यावर विकण्याचा टप्पा त्याचा आलेला नाही, हे मामाच्या शिक्क्यावरून मला आधीच कळायला हवं होतं.

दुसऱ्यात हळदीची गर्दी, बरोबर होती, पण सुपारीचा नंबर उजव्या खालच्या कोपऱ्यात टाकला. तिथे यूट्यूब व्हिडिओची लांबी दाखवतं. शेवटचे चार आकडे झाकले गेले. हे मला माहीत असूनही झालं, कारण मी यादीत लावून न बघता नुसती फाइल बघत होते. नंबर थंबनेलवरून काढून व्हिडिओच्या सुरुवातीला आणि वर्णनाच्या पहिल्या ओळीत घेतला.

तिसऱ्यात पिवळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं. पट्ट्यांचा धडा महिनाभरातच विसरले.

चौथं : डावीकडे होडीची रंगवलेली नाळ (पुढचं टोक), तिच्यावर गावाच्या देवीचं नाव जसं आहे तसं, उजवीकडे हळदीच्या हातांची गर्दी, मधोमध मावसभाऊ, लहान. अक्षरं तीन शब्दांची, काळ्यावर पिवळी, वरच्या भागात. गायकाच्या नावाआधी गावाचं नाव.

मावसभावाला आपला चेहरा एवढा लहान झालेला आवडला नाही. त्याचं वाईट वाटणं खरं होतं, त्याने सहा महिने गाण्यावर घालवले आहेत. मी त्याला घेऊन कळव्याला गेले, खणासमोर उभं केलं आणि म्हटलं, वाच. तो बराच वेळ वाचत राहिला. मग म्हणाला, ठीक आहे, पण दुसऱ्या गाण्याला मी मोठा पाहिजे. तसं ठरलं आहे.

व्हिडिओतही बदल करून घेतला. निर्माता-सहनिर्माता नावं शेवटी गेली, पहिल्याच चौकटीत हळदीचं ताट. सहनिर्माते नाराज झाले, त्यांनी पैसे घातले आहेत, नाव आधी हवं ही त्यांची मागणी रास्त होती. शेवटी नावं पहिल्या दृश्यावरच लहान अक्षरांत खाली घेतली. दीड दिवस यात गेला.

९ मार्च, रविवार

काकांची कव्हरं परत केली. त्यांनी एकेक मोजून घेतलं. छापील प्रतींचं प्रदर्शन करायचं डोक्यात होतं, ते सोडलं. अभ्यास आणि समीक्षेसाठी वापराची मुभा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे, पण चौकात लावलेल्या प्रिंटला अभ्यास म्हणता येईल का याची मला खात्री वाटेना. त्यापेक्षा मूळ इनले त्या खणातच ठेवले. बघायचे तर तसेच, चार हातांवरून.

हिशेब : वाया गेलेलं स्कॅनिंग ७६०, खण ४५०, डबे १००, प्रिंट ६२०, प्रवास ८४०, बंदरावरच्या फोटोंसाठी एक दिवस भाड्याची लेन्स १,२००, हळदीचं ताट, फुलं, चहापाणी ९७०. एकूण ४,९४० रुपये. वेळ नऊ आठवडे, त्यातले निदान तीन टाळता आले असते. पुन्हा केलं तर एलपी दहाच घेईन, आणि पहिल्याच दिवशी दुकान चालवलेल्या माणसाला भेटेन.

१२ मार्च, होळीच्या आदल्या दिवशी

संध्याकाळी गाणं चढवलं. मावशी दिवाळ्यात ओट्यावर कोलंबी सोलत होती, हात ओले, चष्मा आत राहिलेला. मी मोबाईल तिच्यापासून हातभर लांब धरला, यादीत पाच थंबनेलं, आमचं चौथं. काही विचारलं नाही.

तिने डोळे बारीक केले आणि कोपराने दाखवलं. "ही आपली होडी ना? कोणाच्या घरची हळद आहे?"

मोबाईल तिच्या पदराला पुसला आणि गाणं लावलं.